द्रासच्या पहाटे सेल्फ मारताना

गेल्या हिवाळ्यात पहाटे पाच-साडेपाचला माझा फोन वाजायचा तो लडाखच्या वाटेवरून. "मिस्त्री, गाडी उचलत नाही." मी अंथरुणात उठून बसायचो. धूर निघतोय का, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, जोरात फिरतोय की रडतोय, असं विचारत राहायचो आणि पलीकडचा माणूस उणे पंधरा अंशांत बधिर बोटांनी पाना शोधत असायचा. फोनवरून गाडी बघता येत नाही, हे तेव्हा पुरतं कळलं. म्हणून या खेपेला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या दोन गाड्या सोलर पॅनेल घेऊन जम्मूहून लेहला निघाल्या, तेव्हा पुढच्या गाडीत मामांच्या शेजारी मी बसलो. मामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. मागच्या गाडीवर एक तरुण ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर. त्या दोघांचा हा पहिलाच लडाखी हिवाळा.

पहिला दिवस : जम्मू

निघण्याआधी अख्खी सकाळ मी दोन्ही गाड्यांखाली होतो. आधी बॅटऱ्या. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात आणि त्यातली एक कमजोर निघाली तर ती दुसरीलाही घेऊन बसते. हायड्रोमीटर लावून एकेका खान्यातलं ॲसिड तपासलं. पूर्ण चार्ज बॅटरीत आकडा १.२६ ते १.२८ यायला हवा. मागच्या गाडीच्या एका बॅटरीचे दोन खाने १.२० च्या खाली निघाले. जम्मूच्या उन्हात तीच बॅटरी गाडी झटक्यात उचलत होती, त्यामुळे ड्रायव्हरला ती बदलायची नव्हती. मी हट्टाने बदलायला लावली. उणे १८ अंशांत चांगल्या बॅटरीचाही जोर निम्म्याच्या खाली येतो, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलात रुतलेलं इंजिन फिरवायला एरवीपेक्षा दुप्पट जोर लागतो. त्यात उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरतं. ते उणे दहाच्या आसपास गोठतं आणि बॅटरीचं खोकं तडकतं.

तेल आधीच बदललं होतं. ट्रकमध्ये सर्रास १५-डब्ल्यू-४० चालतं, आम्ही ५-डब्ल्यू-४० भरलं. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते तेल गारठ्यात पातळ राहतं. कूलंटमध्ये अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल. हे मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. जास्त घातलं म्हणजे आणखी चांगलं, असं समजून नुसतं ग्लायकॉल ओतणारेही भेटतात. पण निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं.

राहिलं डिझेल. खरा घोर त्याचाच होता. डिझेलमध्ये मेण असतं, म्हणजे पॅराफिन. एरवी ते विरघळलेलं असतं, दिसत नाही. पारा उतरला की आधी डिझेल गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर चिकटतात आणि शेवटी डिझेल वाहायचंच थांबतं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत कसं धरतं, तसंच हे. आपल्या मानकाप्रमाणे हिवाळ्यातलं साधं डिझेल ६ अंश सेल्सियसपर्यंत फिल्टरमधून गेलं म्हणजे पुरे. मैदानी भागात तेवढ्याने भागतं, वाटेतल्या द्रास गावाला नाही. म्हणून पंपाची नळी टाकीत पडण्याआधी मी दोन्ही टाक्यांत मेण न जमू देणारं ॲडिटिव्ह मोजून ओतलं. वरून डिझेल पडताना ते नीट ढवळून निघतं. हे औषध डिझेल कोमट असतानाच घालावं लागतं, मेण धरल्यावर त्याचा उपयोग नाही.

निघायला दुपार झाली. बोगद्यांमुळे हा रस्ता आता बराच सुटसुटीत झालाय, तरी श्रीनगर गाठायला मध्यरात्र उलटली.

दुसरा दिवस : श्रीनगर ते सोनमर्ग

अंतर ८० किलोमीटरच. गगनगीरपासून सोनमर्गपर्यंतचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला आणि हिवाळ्यात बंद पडणारा तो तुकडा मोकळा झाला. पुढे झोजिला खिंडीत मात्र अजून जुनाच रस्ता, एका वेळी एकाच दिशेची वाहतूक. आमची पाळी दुसऱ्या दिवशीची होती.

त्या संध्याकाळी मी मामांच्या मागे मागे फिरलो. इतकी वर्षं मी सकाळच्या बिघाडांवर उपाय सांगत आलो. मामा काम करतात संध्याकाळी.

गाडी थांबल्यावर त्यांनी इंजिन लगेच बंद केलं नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, थंड होईपर्यंत तीन-चार मिनिटं मंद चालू ठेवलं. तेवढ्यात खाली उतरून हवेच्या टाक्यांच्या दोऱ्या एकेक करून ओढल्या. फुस्स करून हवा निघाली, तिच्याबरोबर तेलकट पाणीही. हे पाणी आत राहिलं तर रात्री ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये बर्फ होतं. मग डिझेल फिल्टरखालच्या पाण्याच्या वाटीची चकती सैल करून एका काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढलं आणि बाटली टॉर्चसमोर धरली. तळाशी पाण्याचे दोन मोती लोळत होते. "हे दोन थेंब सकाळी नळीत दगड होऊन बसतात," म्हणाले. पुन्हा थोडं काढलं, स्वच्छ आलं, तेव्हाच चकती आवळली. गाडी गिअरमध्ये टाकली, चाकांखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घातले आणि हँडब्रेक ओढला नाही. ओल्या रस्त्यावरून आलेल्या गाडीचे ब्रेकशू रात्रीत ड्रमला चिकटतात. गाडीची पाठ वाऱ्याकडे, रेडिएटरचं तोंड आडोशाच्या बाजूला. वाऱ्यामुळे लोखंड हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण उरलीसुरली ऊब फार लवकर जाते. शेवटी बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद.

"सकाळ आत्ताच करून ठेवायची, मिस्त्री. पहाटे हात चालत नाहीत आणि डोकंही."

मागच्या गाडीच्या पोरांना बोलावून त्यांच्याकडूनही सगळं करून घेतलं. त्यांनी मन लावून केलं. वर मी त्यांना पुन्हा सांगितलं, की टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, रिकाम्या जागेतल्या हवेचं दव होऊन डिझेलमध्ये पाणी उतरतं. तरुण ड्रायव्हर म्हणाला, "ठेवलीय ना, काठोकाठ." मला बरं वाटलं. कुठे भरली, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

तिसरा दिवस : झोजिला, द्रास

पहाटे आरशाला बांधलेला थर्मामीटर उणे ७ दाखवत होता. दोन्ही गाड्या उचलल्या. मामांची पद्धत सांगतो. कट-ऑफ चालू केल्यावर आधी नुसते दिवे लावून अर्ध्या मिनिटाने बंद केले, बॅटरी जागी होते म्हणाले. दिव्यांनी बॅटरीला ऊब येते हे मला फारसं पटत नाही, पण दिवा पिवळट लागला तर बॅटरी ढिली आहे हे आधीच कळतं, तेवढ्यासाठी मी ते करेन. मग चावी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले. मोठ्या इंजिनांत आत जाणारी हवा तापवणारी जाळी असते, तिला वेळ द्यावा लागतो. घाई असली तरी एक फेरी जास्त द्यावी. आणि सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबलेला. गिअरबॉक्समधलं तेलही काकवीसारखं झालेलं असतं. क्लच दाबला नाही तर सेल्फला तेही घुसळावं लागतं.

मागच्या गाडीने सुरू होताना भरपूर पांढरा धूर सोडला. क्लीनर घाबरला. त्याला घाटात थांबलो असताना समजावलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा साधारण सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. गार सिलिंडर ती उष्णता पिऊन टाकतो. सेल्फ हळू फिरला तर पिस्टनच्या रिंगांजवळून हवा निसटायलाही वेळ मिळतो. मग डिझेल पेटत नाही, नुसती वाफ होऊन सायलेन्सरमधून पांढरं बाहेर पडतं. म्हणजे पांढरा धूर दिसला तर डिझेल पोहोचतंय, उष्णता कमी पडतेय. धूरच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. त्याने वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते इतक्या लवकर कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

झोजिला ३,५२८ मीटर. १९४८ च्या १ नोव्हेंबरला याच खिंडीतून भारतीय सैन्याने रणगाडे वर चढवले होते. त्या उतारांवर, बर्फाच्या चिखलात आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत असताना मला सारखी त्या रणगाड्यांच्या मिस्त्र्यांची आठवण येत होती. एवढ्या उंचीवर हवाच विरळ, म्हणजे दाबायलाही कमी मिळते. थंडीपेक्षा ही गोष्ट लोक विसरतात.

वर एका अडकलेल्या गाडीमुळे चार तास गेले. द्रासला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि सगळ्यांचे हात-पाय आखडले होते. हवेच्या टाक्या, पाण्याची वाटी, ठोकळे, बॅटरी, सगळं उजेडाविना उरकलं. जादाचे दोन डिझेल फिल्टर मी माझ्या पांघरुणात घेऊन झोपलो.

चौथा दिवस : द्रास

सव्वासहा. उणे १६. गावातल्या फलकावर हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड वस्तीचं ठिकाण असल्याचं लिहिलंय. त्या पहाटे वाद घालावासा वाटला नाही.

मामांची गाडी दुसऱ्या प्रयत्नाला उचलली. डॅशबोर्डवर युरियाचा दिवा लागला. धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं ते पाणी उणे ११ लाच गोठतं, पण त्यासाठी इंजिन अडत नाही. गरम कूलंटची नळी त्या टाकीतून फिरते, चालता चालता सुटतं. फक्त ती टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, गोठताना फुगायला जागा लागते.

मागच्या गाडीचा सेल्फ छान फिरत होता. घर्र घर्र घर्र. इंजिन मात्र पेट घेईना. मी पळत मागे गेलो, सायलेन्सरकडे बघितलं. काही नाही. एक धागाही धूर नाही.

"थांब! सेल्फ मारू नकोस आता." त्याने अर्धं-एक मिनिट सलग दाबून ठेवला होता. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती, याहून जास्त दिलं तर सेल्फ जळतो आणि बॅटरीही जाते. सकाळी भीतीने माणूस नेमकं हेच करतो, मी त्याला बोललो नाही.

क्लीनर वही न उघडता म्हणाला, "धूर नाही. डिझेल पोहोचत नाही."

फिल्टरवरच्या हँडपंपावर, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलायच्या छोट्या पंपावर, तळवा ठेवला. दगड. एक सूतही दबला नाही. फिल्टर खोलला. आतला कागद डिझेलने काळपट ओला दिसायला हवा, त्यावर पिवळट पांढरी साय चढली होती. नखाने खरवडली आणि दोन बोटांत चोळली. बोटांची ऊब लागताच ती वितळली आणि हातावर नुसतं स्वच्छ डिझेल उरलं. कचरा नाही, भेसळ नाही. तेच डिझेल, फक्त धरलेलं.

"टाकी कुठे भरलीस?"

"श्रीनगरहून निघताना. तुम्ही पुढे गेला होतात. भरलेली ठेवायची म्हणून..."

अर्ध्याहून जास्त टाकी त्याने साध्या डिझेलने भरली होती आणि माझं औषध त्यात पातळ होऊन गेलं होतं. भरलेली टाकी ठेवायची, हे मीच त्याला वर्कशॉपमध्ये शिकवलेलं. कशाने भरायची, हे शिकवलं नव्हतं. तो खाली मान घालून उभा होता. चूक माझी होती आणि तसं मी त्याला तिथेच सांगितलं.

शेजारच्या गाडीवाल्याने मदतीला स्टोव्ह आणला, टाकीखाली ठेवायला. या रस्त्यावर वर्षानुवर्षं लोकांनी टाकीखाली जाळ करूनच गाड्या उचलल्या आहेत, दुसरा उपायच नव्हता, त्यामुळे त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण टाकीशेजारून प्लास्टिकच्या डिझेलनळ्या, ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि वायरिंग जातं. कुठे एक थेंब गळत असला तर गाडी जाते, आत झोपलेला माणूसही जातो. मी हात जोडून नको म्हटलं.

मार्ग काढून दिला तो लेहकडून खाली निघालेल्या एका लडाखी ड्रायव्हरने. "जुले" असा लडाखी नमस्कार करत आला, फिल्टर बघितला, काही न बोलता परत गेला आणि केबिनमधून २० लिटरचा कॅन घेऊन आला. आत हिवाळी डिझेल, रात्रभर त्याच्या पायाशी उबेत ठेवलेलं.

टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून कॅनमध्ये बुडवली. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये. इंजिनाला डिझेल पाहिजे त्याहून जास्त जातं आणि उरलेलं तापून परत येतं, ते वाया जाऊ द्यायचं नव्हतं. फिल्टरच्या डोक्याला आणि नळ्यांना फडकी गुंडाळून वरून गरम पाणी सोडलं, जोडांत पाणी शिरणार नाही अशा बेताने. पांघरुणातला नवा फिल्टर कोरडाच लावला. घाईत त्यात वरून डिझेल ओततात, पण हल्लीच्या कॉमन रेल, म्हणजे जबर दाबाने डिझेल पुरवणाऱ्या, पंपाला गाळून न आलेला एक कणही पुरेसा असतो. मग हँडपंप. पहिले वीस-पंचवीस दाब पोकळ गेले, नळीत हवा होती. हळूहळू तळव्याला विरोध जाणवू लागला. पन्नाशीच्या पुढे पंप टणक झाला, पण सकाळचा मुका टणकपणा नव्हता, आत डिझेल भरल्याचा होता.

मामांच्या गाडीवरून जंपर केबल लावल्या. हीटरच्या दोन फेऱ्या. क्लच. दहा सेकंद, काही नाही. पण सायलेन्सरमधून पांढरा धागा निघाला आणि क्लीनर ओरडला, "धूर! धूर आला!" दोन मिनिटं थांबलो. ती दोन मिनिटं फार लांब होती. दुसऱ्या खेपेला एक सिलिंडर पेटला, गाडी अंगभर हादरली, दुसरा, तिसरा, आणि मग सहाही एका सुरात आले. तरुण ड्रायव्हरचा पाय सवयीने ॲक्सिलरेटरवर गेला. मामांनी खालूनच हात वर केला. घट्ट तेल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत चढायला वेळ लागतो, तोवर रेस दिली तर ते कोरडं फिरतं.

कॅन तापून हाताला कोमट लागू लागला तेव्हा रिटर्नची नळी टाकीत सोडली. टाकीवर गरम पाण्यात पिळलेली पोती, वरून ताडपत्री. एकदा धरलेलं मेण सोडवायला, ते धरतं त्याहून जास्त ऊब लागते, म्हणून घाई केली नाही. साडेनऊला डोंगरामागून ऊन आलं. बाराच्या सुमाराला टाकीतलं डिझेल टॉर्चच्या उजेडात आरपार दिसलं, तेव्हाच नळी परत टाकीला जोडली. मागचं एक चाक अजून जाम होतं, अंधारात सवयीने हँडब्रेक ओढला गेला होता. ड्रमवर हातोडीचे चार ठोके दिले, सुटलं. रेडिएटरवर अर्धा पुठ्ठा बांधून निघालो.

पाचवा दिवस : कारगिल

कारगिल २,७०० मीटरच्या आत-बाहेर, द्रासपेक्षा उबदार. इथे दोन्ही टाक्यांत हिवाळी डिझेल घेतलं. इंडियन ऑइलने ते लडाखसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं. पानिपतच्या रिफायनरीत बनतं आणि उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. ज्यांनी टाकीखाली जाळ करून रात्री काढल्या, त्यांना या आकड्याची किंमत कळेल. लडाखी भाऊंचा कॅन भरून, त्यांच्या ओळखीच्या गाडीवाल्याकडे सोपवला.

तरुण ड्रायव्हरने विचारलं, थोडं रॉकेल मिसळलं असतं तर? रॉकेलने मेण उशिरा धरतं हे खरं. पण इंजिनाचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि रॉकेल कोरडं असतं. एक पहाट वाचते आणि पंप जातो. आपल्याकडे ते मिसळणं कायद्यानेही गुन्हा आहे. पेट्रोलचं तर नावच काढू नये.

संध्याकाळी इतर ड्रायव्हरांशी वाद झाला तो रात्रभर इंजिन चालू ठेवण्यावरून. माझं मत पक्कं आहे. मंद चालणारं इंजिन थंडीत धड तापतही नाही, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंती धूत खाली तेलात उतरतं, आणि बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाच्या नाकाशी धूर येतो तो वेगळाच. त्यातल्या दोघांना पटलं, बाकीच्यांना नाही. ज्याची गाडी एकदा द्राससारख्या ठिकाणी बंद पडलीय त्याला पटवणं अवघड आहे, आणि त्याची भीती खोटी नाही.

सहावा दिवस : फोटूला ओलांडून लेह

आधी नमिकाला खिंड, मग ४,१०८ मीटरची फोटूला खिंड, या रस्त्यावरची सगळ्यात उंच. वर गाडी बंद करायची नाही एवढाच नियम. लामायुरूच्या वळणांवर मामांनी पहिल्यांदा गाणं गुणगुणलं. अंधार पडता पडता लेह.

सातवा दिवस : लेह

रात्री संध्याकाळची सगळी कामं पोरांनी स्वतः केली, मला हात लावू दिला नाही. पहाटे उणे ११. तरुण ड्रायव्हर आधी उतरून फिल्टरच्या हँडपंपावर तळवा ठेवून आला. मऊ होता. वर चढला, कट-ऑफ चालू, हीटर, पुन्हा हीटर, क्लच. चौथ्या-पाचव्या सेकंदाला इंजिन लागलं. ऑइलचा दिवा विझेपर्यंत त्याने पाय ॲक्सिलरेटरपासून लांब, चक्क सीटखाली ओढून धरला होता.

मी टाकीच्या बाजूने गेलो तर झाकणाजवळ खडूने काहीतरी लिहिलेलं दिसलं. क्लीनरचं अक्षर. "कारगिल. हिवाळी. औषध नाही, गरज नाही." अक्षरांवर दव गोठून पांढरं झालं होतं, तरी वाचता येत होतं.